विध्वंसक मंडळाची चौथी चौकट

कुंदा सिस्टरांना हसू आवरेना.

"हसायचं तर हसा, पण मान हलवू नका," डॉ. शबाना मुलाणी म्हणाल्या. "टोपीतल्या तारा सरकतात."

"मान न हलवता कसं हसायचं ते आधी शिकवा," कुंदा सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

त्यांच्या समोरच्या पडद्यावर एक चित्रमालिका होती. चारच चौकटी. पहिलीत 'अखिल विश्व विध्वंसक मंडळा'चे अध्यक्ष भुजंगराव आपलं महाकिरण यंत्र शहरावर रोखून उभे होते. दुसरीत त्यांनी मानवजातीला उद्देशून भाषण केलं. तिसरीत कळ दाबली. आणि चौथीत ते हातात वायरचं टोक धरून शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवत होते: "वहिनी, आमच्याकडे लाइट नाही. दोन मिनिटं तुमच्याकडे लावू का?"

ते चित्र काढणारे भालचंद्र मोहिते खिडकीशी बसले होते. वाईच्या शाळेत एकोणतीस वर्षं त्यांनी चित्रकला शिकवली होती. आपलं चित्र बघून समोरचा हसतो का, हे चोरून पाहायची त्यांची जुनी सवय. पण आज त्यांचं लक्ष दुसऱ्या पडद्यावर होतं. तिथे एक हिरवी रेघ सरळ धावत होती. सिस्टरांची नजर चौथ्या चौकटीवर गेली, तशी ती रेघ डोंगरासारखी उसळली आणि पुन्हा खाली आली.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच. चकवा-लहर," डॉ. शबाना म्हणाल्या. "सर, तुम्ही जिना उतरताय. अजून एक पायरी आहे असं वाटतं, पण ती नसते. पाय धपकन जमिनीवर आपटतो. तेव्हा काय होतं?"

"पोटात गोळा येतो."

"का येतो? कारण मेंदूने पुढची पायरी आधीच धरून ठेवलेली असते. आपला मेंदू सारखा तेच करत असतो. पुढचा शब्द, पुढचा आवाज, पुढचं चित्र, सगळ्याचा आधीच अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला तर काहीच होत नाही. चुकला तर ही लहर उठते, अर्ध्या सेकंदाच्या आत. आमचं हे अंदाजलेखक यंत्र एवढंच टिपतं."

"म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमधल्या पांढऱ्या फटीत तुमचं यंत्र बसलेलं असतं तर."

डॉ. शबाना हसल्या. "हे मला सुचलं नव्हतं. पण हो, तिथेच."

भालचंद्रांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि मैथिलीच्या मेंदूत ही लहर उठली, तर?"

"तर ती अंदाज बांधतेय. आणि अंदाज बांधणारं कुणीतरी आत आहे."

मैथिली पलीकडच्या खोलीत होती. घाटात, धुक्यात तिची स्कूटर घसरली, त्याला सहा महिने होत आले होते. वय बावीस. आता तिचे डोळे उघडत, मिटत. श्वास आपला आपण चालायचा. पण हाक मारली तर ती वळत नसे, बोट धरलं तर दाबत नसे. साताऱ्याच्या वर पठारावरच्या या मेंदू पुनर्वसन केंद्रात बाराच खाटा होत्या आणि दारात चाळीस माणसं थांबलेली होती. त्यामुळे नियम असा, की सहा महिन्यांत जाणिवेचा एक तरी पुरावा मिळाला तर उपचार चालू राहायचे. नाहीतर पेशंटला खालच्या शुश्रूषागृहात हलवायचं. तिथे अंग पुसत, जेवण भरवत, कूस बदलत. पण मेंदूला जागं करायचे प्रयत्न तिथे होत नसत. मैथिलीचा निर्णय शनिवारी होणार होता. आज सोमवार होता.

"साधी वाक्यं ऐकवून आम्ही थकलो," डॉ. शबाना म्हणाल्या. "'मी चहात खिळे घातले' असं म्हटलं की सगळ्यांची रेघ उसळते. तिची नाही. पण अशा पेशंटचं लक्ष टिकत नाही हो. परक्या आवाजातल्या परक्या वाक्यांकडे ती कशाला लक्ष देईल? म्हणून म्हटलं, तिचंच काहीतरी दाखवावं. पण नवं हवं. जुन्या चित्रांचे शेवट तिला पाठ असणार."

"सहा काढतो," भालचंद्र म्हणाले. "बुधवारपर्यंत."

ही चित्रमालिका चौदा वर्षं चालू होती. तिचा जन्म एका कपाटात झाला. मैथिली आठ वर्षांची होती, त्याच वर्षी तिची आई गेली होती, आणि कपाटात कुणीतरी राहतं म्हणून ती झोपत नव्हती. भालचंद्रांनी तिला 'तिथे कुणी नाही' असं सांगितलं नाही. मुलांना तसं सांगून उपयोग नसतो, हे त्यांना शाळेत कळलं होतं. ते कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"दिसायला कसा आहे?"

"मोठा. काळा. शिंगं आहेत."

त्यांनी तसा काढला. "बरं, आणि याची अडचण काय आहे?"

"अडचण?"

"प्रत्येकाला काहीतरी अडचण असतेच की. तुला भागाकार येत नाही. मला पोळ्या येत नाहीत. याचं काय?"

मैथिलीने बराच विचार केला. "त्याला डांबरगोळ्यांच्या वासाने शिंका येतात. म्हणून तो बाहेर येऊन घाबरवू शकत नाही."

असे भुजंगराव जन्मले. मग कृष्णविवर काकू आल्या. त्या वाटेल ते गिळणारं विवर हवेत उघडू शकत, पण दर वेळी आधी त्यांचा स्वतःचाच चष्मा आत जाई. मग अदृश्य अनंता आला, ज्याच्या चपला वाजत. तिघांनी मिळून रीतसर मंडळ काढलं. जग जिंकण्याचा ठराव दर सभेत पहिला असे आणि गणपूर्तीअभावी तहकूब होई, कारण अनंता हजर आहे की नाही हे सिद्ध करता येत नसे.

"बाबा, हे कधी जिंकणार नाहीत ना?" छोट्या मैथिलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कधीच नाही."

"वचन?"

"वचन."

पुढे मैथिली मोठी झाली आणि कामाची वाटणी ठरून गेली. भालचंद्र पेन्सिलीने चार चौकटी काढत, मग बोरूने शाई चढवत. मैथिली चित्र संगणकावर घेई, रंग भरी आणि संवाद घाली. संवादांच्या अक्षरांचा टंक तिने आपल्याच हस्ताक्षरावरून बनवला होता, त्यामुळे जगातले सगळे दुष्ट तिच्याच गोल अक्षरात बोलत. दर बुधवारी चित्र संकेतस्थळावर चढे. चाळीसेक हजार लोक ते वाचत.

पण शाई चढवण्याआधी एक परीक्षा असे. मंगळवारी संध्याकाळी चहाच्या वेळी मैथिली कच्चं चित्र समोर घेई, चौथी चौकट तळव्याने झाकी, पहिल्या तीन वाची आणि शेवट काय असेल ते सांगे. मग तळवा उचलून बघे. लहानपणी ती खिदळत लोळायची. ते आठवलं की भालचंद्रांना आजही बरं वाटे.

बुधवारी सहा चित्रं तयार झाली. चांगली झाली होती. केंद्रातल्या वीस जणांना आधी दाखवली. एकोणीस जणांच्या रेघा उसळल्या. विसावे स्वयंपाकघरातले तात्या होते. ते टोपी घालताच झोपी गेले होते.

गुरुवारी सकाळी टोपी मैथिलीला घातली. पडदा तिच्या डोळ्यांसमोर धरला. एकेक चौकट उमटू लागली. प्रत्येक चौकटीला एक बारीक कंप येत होता.

"ही दृष्टीची लहर," डॉ. शबाना पुटपुटल्या. "चित्र आत पोचतंय."

चौथी चौकट आली. रेघ सरळ राहिली.

दुसरं चित्र सरळ. तिसरं, चौथं, पाचवं तसंच. सहाव्यात कृष्णविवर काकूंचा चष्मा परत आला होता आणि विवर चष्म्यात अडकलं होतं. हे भालचंद्रांना स्वतःला फार आवडलं होतं. रेघ शांत तळ्यासारखी पडून होती.

आढावा समितीचे प्रमुख डॉ. राजोपाध्ये मागे उभे होते. ते कठोर माणूस नव्हते. त्यांनी भालचंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोहिते सर, प्रकाश आत जातोय. पण तो बघायला कुणी नाही, असं ही रेघ म्हणते. शनिवारी मला हेच लिहावं लागेल."

दुपारी भालचंद्र पाहुण्यांच्या खोलीत कागद आवरत बसले. कुंदा सिस्टर चहा घेऊन आल्या आणि तशाच रेंगाळल्या.

"सर, एखादं जुनं चित्र मला द्याल? माझ्या जावेला पाठवते. आमच्यात बोलणं बंद आहे, पण हे बघून हसेल."

"घ्या की. त्या पिशवीत कच्ची चित्रं आहेत, हवं ते निवडा."

सिस्टर चाळू लागल्या. मधेच थांबल्या. "कोपऱ्यात हे 'क. हो.' काय आहे? तुमची सही का?"

"छे. ती मैथिलीची खूण. 'कळलं होतं.' तळव्याने झाकून शेवट बरोबर ओळखला की ती तेवढं लिहायची. मास्तरासारखं. मी म्हणायचो, अगं निदान खोटं तरी हस."

"म्हणजे ज्यावर खूण नाही, तिथे तिला ओळखता आलं नाही."

"हो."

"ही जुनी आहेत, यांच्यावर कुठेच नाही." सिस्टर कागद उलटत होत्या. "इथे मधेच एखादी. मग वाढतायत. आणि ही शेवटच्या दोन वर्षांची... सर, ही तर सगळ्यांवर आहे."

"चौदा वर्षं माझे विनोद ऐकलेत तिने. माझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळायच्या आधी तिला..."

भालचंद्र बोलायचे थांबले. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"पायरी होती," ते म्हणाले. "सिस्टर, तिने पाय टाकला आणि तिथे पायरी होतीच."

डॉ. शबानांच्या खोलीत ते चप्पल न घालताच पोचले. डॉ. राजोपाध्ये तिथेच होते. भालचंद्रांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, रेघ सरळ केव्हा राहते? अंदाजच नसला तर. बरोबर?"

"बरोबर."

"आणि अंदाज खरा ठरला तर?"

डॉ. शबाना खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच राहिल्या. "तरीही सरळच," त्या हळू म्हणाल्या. "आपण वीस जणांवर पडताळा घेतला, पण त्यातलं कुणीही तुमची मुलगी नव्हतं."

"हे आशेचं बोलणं झालं," राजोपाध्ये म्हणाले. रागाने नाही. "रिकाम्या घरातही शांतता असते आणि झोपलेल्या घरातही. बाहेरून फरक कसा सांगणार?"

"दार वाजवून," डॉ. शबाना म्हणाल्या. "सर, तिला ओळखता येणारच नाही असा शेवट काढा. आत कुणी नसेल तर रेघ तेव्हाही सरळ राहील. मग मीच समितीच्या कागदावर सही करेन. पण कुणी असेल, तर उसळल्याशिवाय राहणार नाही."

"तिला ओळखता येणार नाही असं मला काय सुचणार? मला सुचलं की तिला कळतं."

"कधीच काढलं नाही असं काही असेल ना?"

भालचंद्रांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"एक आहे," शेवटी ते म्हणाले. "ते जिंकतात."

दुपारभर ते काढत बसले. जिंकलेले दुष्ट काढणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. हात आपोआप अडचण शोधत होता. भुजंगरावांच्या बुटाची नाडी सुटलेली निघाली. त्यांनी ती खोडली. सिंहासनाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातलेली निघाली, तीही खोडली. यंत्र चालू झालं, शहर झुकलं, भुजंगराव सिंहासनावर बसले, बस्स. दुसऱ्या चित्रात काकूंनी चंद्र गिळला, चष्मा नाकावर शाबूत. तिसऱ्यात अनंता आवाज न करता राजवाड्यात शिरला. दिवेलागणीला ते थांबले, तेव्हा त्यांना आपण कुणाचा तरी विश्वास मोडल्यासारखं वाटत होतं.

"ती घाबरली तर?" त्यांनी डॉ. शबानांना विचारलं.

"घाबरायला ती तिथे असायला हवी, सर."

शुक्रवारी सकाळी पुन्हा टोपी. सहा चित्रं: तीन हरण्याची, तीन जिंकण्याची, क्रम यंत्राने ठरवलेला. राजोपाध्ये अगदी पडद्याशी उभे राहिले.

पहिलं, हरण्याचं. रेघ सरळ. दुसरं, हरण्याचं. सरळ.

तिसऱ्यात भुजंगरावांनी कळ दाबली. पांढरी फट गेली. चौथी चौकट आली: सिंहासन.

रेघ उसळली. इतकी वर गेली, की पडद्याच्या कडेला लागून कापली गेली. कुंदा सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. भालचंद्रांनी पलंगाची दांडी धरली.

"थांबा," राजोपाध्ये म्हणाले. "पेशंटच्या एका झटक्यानेही असं होतं. पुढचं दाखवा."

चौथं हरण्याचं होतं. नेहमीचं, साधं. पण या वेळी रेघ अगदी सरळ राहिली नाही. छोट्या उंचवट्यासारखी हलली.

"हे का हललं?" राजोपाध्यांनी स्वतःलाच विचारलं.

"तिची खात्री राहिली नाही," भालचंद्र म्हणाले. "आता बाबा काहीही करू शकतात, असं वाटतंय तिला."

पाचवं, जिंकण्याचं. लहर उठली, पण पहिलीच्या निम्मी. सहावंही जिंकण्याचंच. अनंता राजवाड्यात शिरला. चौथी चौकट आली.

रेघ जवळजवळ सरळ.

राजोपाध्यांनी तिन्ही लहरी शेजारी शेजारी लावल्या: डोंगर, टेकडी, माळ. ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"यंत्रात बिघाड होतो, डॉक्टर," ते म्हणाले. "मेंदूतही होतो. पण बिघाड शिकत नाही. हिने तीन चित्रांत नवी खोड ओळखली." ते भालचंद्रांकडे वळले. "मोहिते सर, तुमचा हा डाव संपला. आता नवीन शोधा. तिला कंटाळा आलाय."

"कळलं होतं, बाबा," भालचंद्र कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, मुलीच्याच सुरात.

मैथिलीची खाट केंद्रातच राहिली, आणि तिच्याशी बोलायची रीतही सापडली. तिच्यापुढे वेगवेगळे शेवट ठेवायचे. जिथे लहर उठेल तिथे 'हे नाही'. जिथे रेघ सरळ राहील, तिथे 'हेच मला वाटलं होतं'. हळूहळू ती पाणी की सरबत, खिडकी उघडी की बंद, हेही अशा चौकटींतून सांगू लागली. नवव्या आठवड्यात डॉ. शबाना म्हणाल्या, "सर, आता विध्वंसक मंडळाचं पुढचं चित्र काढा. शेवट तिला निवडू दे. वाचकांची पत्रं यायला लागलीत."

भालचंद्रांच्या मनात वचन मोडल्याचं अजून सलत होतं. म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली. पहिल्या चौकटीत भुजंगराव सिंहासनावर बसून म्हणतात, "जग जिंकलं." दुसऱ्या चौकटीत काकू विचारतात, "आता पुढे काय?" तिसऱ्यात तिघंही सभेच्या विषयपत्रिकेत डोकावतात, दुसरा विषय लिहायची जागा कोरी असते. चौथ्या चौकटीसाठी त्यांनी चार शेवट काढले. विवर सिंहासन गिळतं, भुजंगराव अदृश्य अनंताच्या मांडीवर बसलेले निघतात, लाइट जाते, गणपूर्ती नसल्याने विजय रद्द होतो.

त्या दिवशी डॉ. शबानांनी दुसरी टोपी भालचंद्रांनाही घातली.

"मला कशाला?"

"तुम्हाला शेवट माहीत आहेत, म्हणून तुमची रेघ सरळ राहील. तुलनेला हवी."

पडद्यावर दोन रेघा धावू लागल्या, वरची मुलीची, खालची बापाची. सिंहासन गिळलं गेलं. वर लहर, खाली सरळ. अनंताची मांडी, वर लहर. लाइट गेली, वर लहर.

"नापास, नापास, नापास," भालचंद्र म्हणाले. त्यांना मनातून फार आनंद झाला होता.

मग पडद्यावर एक चौकट आली, जी त्यांनी काढलीच नव्हती. काड्यांसारखे हातपाय, वांग्यासारखी डोकी. भुजंगरावांचं एक शिंग कानातून निघालं होतं. त्यांच्यासमोर दोन वेण्यांची एक छोटी मुलगी उभी होती आणि ते तिच्या हातात चेंडूएवढी पृथ्वी ठेवत म्हणत होते: "बाळ, हे घे तुझं जग. आम्हाला नाही सांभाळता येत."

वरची रेघ सरळ राहिली. शेवटी गणपूर्तीची चौकट आली, तेव्हा ती पुन्हा उसळली. म्हणजे तिचं लक्ष पूर्ण वेळ तिथेच होतं.

आणि मधल्या त्या चौकटीला खालची रेघ पडद्याच्या कडेपर्यंत जाऊन आली होती.

कुंदा सिस्टर दारात उभ्या होत्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"मीच काढलं ते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला सांगू नको. रेघ सरळच गेली हो. तिला आवडलं नाही का?"

भालचंद्रांनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

"तिला कळलं होतं, सिस्टर," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं."

त्यांनी तो कागद मागून घेतला. वाकडं शिंग नीट करायला पेन्सिल उचलली, पण तसंच राहू दिलं. कोपऱ्यात दोन अक्षरं लिहिली, क. हो., आणि कागद पलंगावर सरकवून मैथिलीचा तळवा अलगद चौथ्या चौकटीवर ठेवला. मंगळवार होता, आणि चहाची वेळ झाली होती.